ग्लुकोजच्या दहा पायऱ्या: अडते कुठे आणि अडले की साचते काय

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ग्लुकोजमधून ऊर्जाच मिळवायची, तर पेशी सुरुवातीला पदरचे दोन एटीपी, म्हणजे ज्यातून ती ऊर्जा खर्च करते ते रेणू, का घालते? शेवटी निव्वळ एटीपी किती उरतात? एका पुस्तकात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात पाच किंवा सात असे आकडे आहेत. आणि दहा पायऱ्या तोंडपाठ असूनही ‘अमुक विकर (एन्झाइम) बंद पडले तर काय होईल’ असे विचारले की उत्तर का सुचत नाही?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करणे बरे. ग्लायकोलायसिस, म्हणजे ग्लुकोज-विघटन, पाठ करताना आपण नावे लक्षात ठेवतो. प्रत्येक पायरी त्याच जागी का आहे हे मात्र विचारत नाही. क्रम समजला की अडथळ्याचे गणित सोपे होते. अडलेल्या पायरीच्या मागचे पदार्थ साचतात, पुढचे आटतात, आणि एटीपी व एनएडी (हायड्रोजन वाहून नेणारा रेणू) हे दोन साठे कुठल्या बाजूला झुकतात ते पाहायचे. बाकी सारे यातूनच निघते.

ही प्रक्रिया पेशीद्रव्यात चालते. तिला तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) लागत नाहीत आणि ऑक्सिजनही लागत नाही. एकूण हिशोब असा: एक ग्लुकोज, दोन एनएडी, दोन एडीपी (एक फॉस्फेट कमी असलेला एटीपी) आणि दोन अकार्बनी फॉस्फेट यांपासून तीन कार्बनांची दोन पायरुव्हेट, दोन एनएडीएच (हायड्रोजन घेतलेला एनएडी), दोन एटीपी आणि दोन पाणी. यातला फॉस्फेट विद्यार्थी हमखास विसरतात. तो किती मोलाचा आहे हे शंभर वर्षांपूर्वीच दिसले होते. १८९७ साली एडुआर्ड बुखनरने यीस्ट चिरडून काढलेल्या, एकही जिवंत पेशी नसलेल्या रसात साखर आंबते हे दाखवले. पुढे हार्डन आणि यंग या संशोधकांच्या लक्षात आले की असा रस थोड्या वेळाने मंदावतो, आणि त्यात फॉस्फेट घातला की पुन्हा जोराने फसफसतो. घातलेला फॉस्फेट साखरेला चिकटत होता, आणि त्यातून सापडलेला पदार्थ म्हणजेच आजचे फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट. हा मार्ग एम्बडेन, मायरहोफ आणि पार्नास यांच्या नावाने ओळखला जातो, पण त्याचा पहिला धागा यीस्टच्या रसात हाती लागला.

आता सुरुवातीचे दोन एटीपी. पहिल्या पायरीवर हेक्झोकायनेज हे विकर एटीपीचा एक फॉस्फेट ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवर बसवते. त्याने दोन गोष्टी साधतात. ग्लुकोज-६-फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो आणि पेशीच्या बाह्यपटलात त्याला बाहेर नेणारा वाहक नसतो, त्यामुळे साखर आत अडकते. शिवाय आतले मोकळे ग्लुकोज कमी राहिल्याने बाहेरचे ग्लुकोज उताराने आत येतच राहते. ग्लुकोज-६-फॉस्फेटपासून फॉस्फोइनॉल पायरुव्हेटपर्यंतच्या प्रत्येक मधल्या रेणूवर फॉस्फेट आहे, तो याच कारणाने. दुसरी पायरी साधी आहे, ग्लुकोजचे रूप बदलून फ्रुक्टोज-६-फॉस्फेट होते. तिसऱ्या पायरीवर फॉस्फोफ्रुक्टोकायनेज दुसरा एटीपी वापरून पहिल्या कार्बनवर फॉस्फेट लावते. आता रेणूच्या दोन्ही टोकांना फॉस्फेट असल्याने तो मधोमध तुटला तरी दोन्ही तुकडे प्रभारित राहतात, एकही निसटत नाही. घातलेले दोन्ही फॉस्फेट पुढे एटीपीच्या रूपात परत मिळतात. खरी कमाई नंतर पेशीद्रव्यातून उचललेल्या दोन अकार्बनी फॉस्फेटांमुळे होते. सुरुवातीचा खर्च म्हणजे बियाणे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

कायनेज, म्हणजे फॉस्फेट बसवणारी विकरे एटीपीला एकट्याने ओळखत नाहीत, मॅग्नेशियम चिकटलेल्या एटीपीला ओळखतात. प्रयोगशाळेत शुद्ध विकर, ग्लुकोज आणि एटीपी एकत्र करूनही क्रिया होत नसेल, तर आधी बफरमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड आहे का ते पाहा. ईडीटीए जास्त पडले असेल तरी हाच परिणाम होतो, कारण ते मॅग्नेशियम पकडून ठेवते.

चौथ्या पायरीवर अल्डोलेज सहा कार्बनांचा रेणू तोडते, आणि इथे बरेचजण गोंधळतात. प्रमाणित मुक्त ऊर्जेचा बदल मोलमागे +२३.८ किलोजूल आहे; मग ही क्रिया पुढे जातेच कशी? प्रमाणित म्हणजे प्रत्येक पदार्थ एक मोलर. पेशीत ते मायक्रोमोलर पातळीवर असतात, आणि एकाचे दोन होणाऱ्या क्रियेत या विरलतेचा फायदा पुढच्या दिशेला मिळतो. आकडे घालून पाहा. २५ अंशांवर या क्रियेचा समतोल स्थिरांक सुमारे ६७ मायक्रोमोलर येतो. समजा तिन्ही पदार्थ ५० मायक्रोमोलर आहेत. दोन उत्पादनांचा गुणाकार भागिले मूळ पदार्थ, म्हणजे ५० गुणिले ५० भागिले ५०, बरोबर ५०. हा आकडा ६७ पेक्षा कमी आहे, म्हणून क्रिया पुढे सरकते. तेच तिन्ही एकेक मिलिमोलर धरले तर गुणोत्तर १००० येते आणि क्रिया उलटी फिरते. म्हणून पुस्तकातला प्रमाणित आकडा पाहून ‘ही पायरी अवघड’ असे लिहू नका.

तुटल्यावर मिळालेल्या दोन तुकड्यांपैकी पुढे फक्त ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट जाते. दुसरा तुकडा, डायहायड्रॉक्सिॲसिटोन फॉस्फेट, पाचव्या पायरीवर त्यात बदलतो. समतोलाला सुमारे ९६ टक्के हिस्सा दुसऱ्या तुकड्याचाच असतो, पण सहावी पायरी पहिला तुकडा सतत उचलत असल्याने प्रवाह चालू राहतो. यापुढे प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायची.

सहावी पायरी या मार्गाचे मर्म आहे, तिला वेळ द्या. ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजनेजच्या सक्रिय जागी सिस्टीनचा गंधकगट आहे. तुकड्याचा अल्डिहाइड गट त्याला जोडला जातो, हायड्रोजन एनएडीकडे जातो, आणि ऑक्सिडेशनची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाण्याऐवजी कार्बन-गंधक बंधात धरली जाते. मग अकार्बनी फॉस्फेट येऊन हा बंध तोडतो आणि १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट तयार होते. त्याच्या पहिल्या कार्बनवरचा फॉस्फेट सुटताना मोलमागे सुमारे ४९ किलोजूल मुक्त होतात. एटीपीला लागतात ३०.५. म्हणून सातव्या पायरीवर हा फॉस्फेट एडीपीकडे सहज जातो आणि दोन तुकड्यांचे मिळून दोन एटीपी होतात. इथे खर्च भरून निघाला, हाती शिल्लक शून्य.

याच जागेवरची दोन विषे शेजारी ठेवून पाहावीत. आयोडोॲसिटेट सिस्टीनच्या गंधकाला कायमचे चिकटते. विकर मरते, प्रवाह थांबतो आणि मागे फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट व तीन कार्बनांचे तुकडे साचतात. आर्सेनेट प्रवाह अडवत नाही. ते फॉस्फेटसारखे दिसते, म्हणून त्याच्या जागी जोडले जाते. पण तयार झालेला पदार्थ इतका अस्थिर की पाण्याने आपोआप फुटून थेट ३-फॉस्फोग्लिसरेट होतो. सातव्या पायरीचे एटीपी बुडतात. सुरुवातीचे दोन गेले, शेवटचे दोन आले, निव्वळ शून्य. पायरुव्हेट बनते, एनएडीएच बनते, ग्लुकोज संपते, आणि पेशीला काहीच मिळत नाही. ‘प्रवाह चालू’ आणि ‘ऊर्जा चालू’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

पुढे आठव्या पायरीवर फॉस्फेट तिसऱ्या कार्बनवरून दुसऱ्यावर सरकतो, नवव्यावर इनोलेज पाण्याचा रेणू काढते आणि फॉस्फोइनॉल पायरुव्हेट बनते. त्याच्या फॉस्फेटमध्ये मोलमागे सुमारे ६२ किलोजूल असतात, म्हणून दहाव्या पायरीवर पायरुव्हेट कायनेज सहज एटीपी बनवते. दोन तुकडे, दोन एटीपी. हीच निव्वळ कमाई.

आता आकड्यांचा वाद. निव्वळ एटीपी दोन, हे उत्तर प्रत्यक्ष ग्लायकोलायसिसपुरते नेहमीच बरोबर. आठ हा आकडा जुन्या हिशोबातला: दोन एनएडीएच तंतुकणिकेत गेले तर प्रत्येकी तीन एटीपी धरून सहा, अधिक दोन. आज एका एनएडीएचमागे सुमारे २.५ धरतात. शिवाय पेशीद्रव्यातला एनएडीएच तंतुकणिकेच्या आतल्या पटलातून जाऊ शकत नाही, त्याचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या रेणूंवरून आत न्यावे लागतात. मॅलेट-ॲस्पार्टेट वाटेने गेले तर २.५ मिळतात, म्हणून एकूण सात. ग्लिसरॉल फॉस्फेटच्या वाटेने गेले तर १.५, म्हणून पाच. पूर्ण श्वसनाचा आकडा ३८ ऐवजी ३० किंवा ३२ दिसतो, तोही यामुळेच. परीक्षेत तुमच्या अभ्यासक्रमाचे पुस्तक जे धरते ते लिहा. समजून घेताना ३० ते ३२ धरा. स्नायूत ग्लायकोजेनपासून (ग्लुकोजच्या साठ्यापासून) सुरुवात झाली तर पहिला एटीपी वाचतो आणि निव्वळ तीन मिळतात. लाल रक्तपेशीला तंतुकणिकाच नाहीत, तिच्यासाठी दोन म्हणजे दोनच.

दोन एटीपी म्हणजे सुमारे ६१ किलोजूल. एक मोल ग्लुकोजच्या पूर्ण ज्वलनात २८४० च्या आसपास असतात. दोन टक्के. तरीही चारशे मीटर धावताना स्नायू याच मार्गावर विसंबतात, कारण तो झटपट एटीपी देतो. अडचण एकच: पेशीत एनएडीचा साठा अगदी थोडा. सहाव्या पायरीवर तो एनएडीएच होऊन अडकला की सगळेच थांबते. म्हणून स्नायू पायरुव्हेटवर हायड्रोजन टाकून लॅक्टेट बनवतात आणि एनएडी मोकळा करतात. लॅक्टेटमधून वेगळा एटीपी मिळत नाही. त्याचे काम सहावी पायरी चालू ठेवणे, एवढेच. हे लॅक्टेट रक्तातून यकृतात जाते आणि तिथे सहा एटीपीइतका खर्च करून पुन्हा ग्लुकोज होते. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला देण्याची पद्धत आहे, ती चूक. व्यायामानंतर साधारण तासाभरात रक्तातले लॅक्टेट मूळ पातळीवर येते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजेचे असते.

यीस्ट हेच काम दुसऱ्या तऱ्हेने करते: पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते आणि उरलेल्याचे अल्कोहोल करते. पाव फुगतो तो त्या वायूने. पण स्वयंपाकघरात जे जे आंबते ते सगळे या दहा पायऱ्यांचे, असे समजू नका. दह्यातले जीवाणू याच मार्गाने लॅक्टिक आम्ल करतात आणि वायू सोडत नाहीत, म्हणून दही लागते पण फुगत नाही. इडलीच्या पिठातले ल्युकोनोस्टॉक जीवाणू मात्र फॉस्फोकिटोलेज नावाचा वेगळा मार्ग वापरतात. त्यात अल्डोलेजची पायरी नाही, ग्लुकोजमागे एकच एटीपी मिळतो, आणि लॅक्टिक आम्लाबरोबर अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइडही निघतो. पीठ आंबट होते आणि भांड्याबाहेरही येते, ते यामुळे.

नियंत्रण कुठे आहे? दहापैकी तीन पायऱ्या व्यवहारात एकदिशी आहेत: पहिली, तिसरी आणि दहावी. मुख्य झडप तिसरी, कारण पहिल्या पायरीतून निघालेला ग्लुकोज-६-फॉस्फेट ग्लायकोजेनकडे किंवा पेंटोज मार्गाकडेही जाऊ शकतो. तिसरी ओलांडली की रेणू ग्लायकोलायसिसला बांधला गेला. फॉस्फोफ्रुक्टोकायनेजला एटीपी लागतो, आणि जास्त एटीपी असला की तोच त्याला थोपवतो. सुटका करतो एएमपी, म्हणजे दोन फॉस्फेट गमावलेला एटीपी. एएमपीच का, याचे उत्तर आकड्यांत आहे. उदाहरणादाखल पेशीत एटीपी ५, एडीपी १ आणि एएमपी ०.१ मिलिमोलर धरा. एटीपी फक्त दहा टक्क्यांनी घटून ४.५ झाला आणि एडीपी तेवढाच राहिला, तर तिघांची बेरीज तीच राहत असल्याने एएमपी ०.६ होतो, म्हणजे सहापट. एटीपीतली बारीकशी घट एएमपीमध्ये मोठी होऊन दिसते, म्हणून विकर त्याकडे पाहते. यकृतात याशिवाय फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट हा इन्सुलिन आणि ग्लुकागॉनचा निरोप पोचवणारा रेणू आहे. साखरेतले फ्रुक्टोज यकृतात या झडपेला वळसा घालून थेट तीन कार्बनांच्या टप्प्यावर उतरते, त्यामुळे ते भरपूर आले तर यकृताला त्याचा वेग आवरता येत नाही आणि बरेचसे चरबीकडे वळते.

आता अडथळ्यांची खरी उदाहरणे. लाल रक्तपेशीत १,३-बिसफॉस्फोग्लिसरेटपासून एक फाटा २,३-बिसफॉस्फोग्लिसरेटकडे जातो. हा पदार्थ हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो. जन्मजात दोषाने पायरुव्हेट कायनेज कमी असेल तर अडथळा शेवटी आहे, म्हणून मागचे सगळे साचते आणि त्यात २,३-बिसफॉस्फोग्लिसरेटही वाढते. एटीपी कमी पडल्याने पेशी लवकर फुटतात, रक्तक्षय होतो. पण उरलेले हिमोग्लोबिन ऊतींना ऑक्सिजन अधिक सैल हाताने देते, म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा पाहून वाटेल त्यापेक्षा रुग्ण बऱ्या स्थितीत असतो. हेक्झोकायनेज कमी असेल तर अडथळा पहिल्याच दारात. पुढचे सगळे आटते, २,३-बिसफॉस्फोग्लिसरेटही, आणि तेवढ्याच हिमोग्लोबिनला रुग्ण जास्त थकतो. रक्तक्षय दोन्हींत आहे, फरक फक्त पायरीच्या जागेचा.

पेट स्कॅनमध्ये हा अडथळा मुद्दाम तयार केला आहे. फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोजवर पहिली पायरी होते, पण दुसऱ्या कार्बनवर फ्लोरिन असल्याने दुसरी होत नाही. ते आत अडकते आणि ज्या पेशी जास्त ग्लुकोज ओढतात त्या उजळ दिसतात. स्कॅनआधी उपाशी राहायला आणि व्यायाम टाळायला सांगतात, ते स्नायूंनी ते ओढून घेऊ नये म्हणून.

रोजच्या कामात सगळ्यात उपयोगी उदाहरण पॅथॉलॉजी लॅबमधल्या राखाडी टोपणाच्या फ्लोराइड बल्बचे, म्हणजे रक्ताचा नमुना ठेवायच्या नळीचे. रक्त काढल्यावरही पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. पेशी वेगळ्या न करता साध्या बल्बमध्ये ठेवले तर खोलीच्या तापमानाला ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते. उपाशीपोटीची साखर डेसिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम असेल आणि नमुना दोन तास तसाच पडला, तर सहा टक्क्यांच्या दराने यंत्र १११ दाखवेल. मधुमेहाची रेषा १२६ ला आहे, निदानच हुकले. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या रुग्णात घट आणखी वेगाने होते.

हे थांबवायला सोडियम फ्लोराइड घालतात. फ्लोराइड इनोलेजला अडवते, म्हणजे नववी पायरी. आणि इथेच गैरसमज आहे: राखाडी बल्ब वापरला की साखर त्या क्षणी गोठते, असे अनेक तंत्रज्ञ धरून चालतात. अडथळा शेवटाकडे आहे, वरच्या आठ पायऱ्या अजून चालू आहेत. पेशीत एटीपी आणि एनएडीचा साठा आहे तोवर हेक्झोकायनेज ग्लुकोज ओढतच राहते. हळूहळू पायरुव्हेट न मिळाल्याने एनएडी मोकळा होत नाही, एटीपी आटतो, आणि मग पहिली पायरी थांबते. याला एक-दोन तास लागतात. पहिल्या तासात फ्लोराइड बल्ब आणि साधा बल्ब यांतली घट जवळपास सारखीच असते. त्यानंतर फ्लोराइडमधली साखर स्थिर राहते. म्हणून नमुना लगेच बर्फ-पाण्यात ठेवून अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करणे सर्वांत खात्रीचे. ते जमत नसेल तर सायट्रेट बफर असलेले बल्ब चांगले: सामू उतरल्याने हेक्झोकायनेज आणि फॉस्फोफ्रुक्टोकायनेज दोन्ही तत्काळ मंदावतात, म्हणजे अडथळा वरच बसतो. फ्लोराइड बल्बमध्ये बहुधा पोटॅशियम ऑक्झलेटही असते, त्यामुळे त्याच नमुन्यावर सोडियम-पोटॅशियम करू नये. विकरांच्या चाचण्याही बिघडतात.

फॉस्फेटचा विसर पडला की रुग्णालयातही धोका होतो. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर ग्लुकोज दिले की इन्सुलिन वाढते, पेशी साखर ओढतात, आणि साखरेवर बसवायला रक्तातला फॉस्फेट आत खेचला जातो. त्याची पातळी कोसळली की स्नायू, श्वास आणि हृदय तिन्ही धोक्यात येतात. म्हणून आहार थोडाथोडा वाढवतात, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासत राहतात, आणि थायमिन आधी देतात. थायमिन ग्लायकोलायसिसला लागत नाही, पायरुव्हेट तंतुकणिकेत पुढे न्यायला लागते. ते नसताना ग्लुकोज दिले तर पायरुव्हेट अडते आणि लॅक्टेट वाढते.

शाळा-कॉलेजात दाखवायचे असेल तर यीस्ट पुरेसे आहे. १०० मिली कोमट पाणी, ३५ ते ४० अंश, त्यात ५ ग्रॅम कोरडे यीस्ट आणि २ ग्रॅम ग्लुकोज, तोंडाला फुगा. एक ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त सुमारे २७० मिली वायू निघू शकतो, म्हणजे इथे ५४० च्या आसपास. त्यातला साठेक मिली पाण्यात विरघळूनच राहतो. शेजारी बिनसाखरेची बाटली हवीच, कारण यीस्ट आपल्या साठ्यातूनही थोडा वायू सोडते. काहीच झाले नाही तर बहुतेक वेळा पाणी फार गरम होते, ५५ अंशांच्या पुढे यीस्ट मरते, किंवा फुग्याचे तोंड गळत असते. तिसऱ्या बाटलीत ग्लुकोजऐवजी दुधातली साखर, लॅक्टोज, घाला. पावाच्या यीस्टला ती फोडता येत नाही, त्यामुळे ही बाटली बिनसाखरेच्या बाटलीइतकीच शांत राहील, जरी लॅक्टोजचा अर्धा भाग ग्लुकोजच असला तरी. फ्लोराइडचा प्रयोग वर्गात करू नका, सोडियम फ्लोराइड विषारी आहे.